सॉइल रिपोर्ट काय सांगतो, काय सांगत नाही : मुंबईतल्या पुनर्विकासासाठी मार्गदर्शक

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या फायलीत सॉइल रिपोर्ट, म्हणजे जमीन तपासणीचा अहवाल, असतोच. कमिटीतल्या बहुतेकांनी तो उघडलेला नसतो. ज्यांनी उघडला त्यांनी शेवटच्या पानांवरचा एसबीसीचा (जमीन चौरस मीटरला किती टन भार सुरक्षितपणे पेलेल याचा) आकडा तेवढा पाहिलेला असतो, आणि त्याच पानाचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेला असतो: 'आपल्याकडे पस्तीस टन आहे, काळजी नको.' मी जमीन तपासणीच्या क्षेत्रात काम करतो. तो आकडा बाकीच्या रिपोर्टपासून सुटून एकटा फिरायला लागला की त्याच्यासारखी धोकादायक गोष्ट नाही, असं माझं ठाम मत आहे. काही मोजक्या जागी मारलेल्या बोअरवरून (जमिनीत पाडलेल्या खोल छिद्रांवरून), एका विशिष्ट इमारतीसाठी, एका विशिष्ट तारखेला जिओटेक्निकल अभियंत्याने, म्हणजे जमीन आणि पायाच्या तज्ज्ञाने, दिलेलं ते मत असतं. खड्डा खणून जमीन प्रत्यक्ष उघडी पडेपर्यंत ते मत अर्धंच असतं. उरलेलं अर्धं काम साइटवर करायचं असतं, आणि मुंबईत नेमकं तेच राहून जातं.

हा लेख मुख्यतः कमिटीच्या सभासदांसाठी आहे, पण नुकत्याच साइटवर रुजू झालेल्या इंजिनिअरलाही तो उपयोगी पडेल. रिपोर्ट शेजारी घेऊन वाचलात तर उत्तम.

आधी आपल्या जमिनीबद्दल थोडं

'मुंबईत खाली काळा पाषाण आहे' हे वाक्य लहानपणापासून आपण ऐकतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसॉल्टचे उभे खांब पाहिले की ते पटतंही. पण हे शहर सात बेटं भराव टाकून जोडत उभं राहिलं आहे. माहीमच्या खाडीलगत, वांद्रे-कुर्ला संकुलात, वडाळा-शिवडीच्या पट्ट्यात, ठाण्याच्या खाडीकाठी वर भराव, त्याखाली मऊ काळा मरीन क्ले (समुद्राकाठची चिकणमाती), मग मुरूम आणि मग खडक असा क्रम सापडतो. क्लेची जाडी एकाच प्लॉटच्या दोन टोकांना वेगळी असू शकते.

खडकसुद्धा सगळा एकजात नाही. लाव्हाच्या थरांबरोबर मुंबईत टफ आणि ब्रेशिया, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचे आणि तुकड्यांचे खडक, भरपूर आहेत. काही भागांत शेलही (गाळाचा थरदार खडक) लागतो. ब्रेशिया बोअरमधून काढल्यावर चांगला दगड वाटतो. तोच उघड्या खड्ड्यात पाणी आणि हवा लागल्यावर थोड्याच काळात वरून भुसभुशीत होऊ लागतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये रेड बोलचा लालसर, मातकट पट्टा दडलेला असतो. आणि झिजलेल्या बेसॉल्टमध्ये मोठे गोटे सुटे राहतात. बोअर अशा गोट्यात शिरला की खडक लागल्यासारखं वाटतं, पण गोटा संपला की खाली पुन्हा मुरूमच असतो.

पायरी पहिली : रिपोर्ट कोणासाठी, कशासाठी आणि कधीचा

पहिल्या दोन पानांवर ही माहिती असते. ग्राहक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. बहुतेक वेळा ते विकासकाचं असतं, कारण पैसे त्याने दिलेले असतात. मग तो अभियंता सोसायटीला काही देणं लागत नाही आणि तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला बांधीलही राहत नाही. म्हणून विकास करारातच दोन ओळी घालून घ्या: रिपोर्टवर सोसायटीचंही नाव राहील, आणि पूर्ण रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत सोसायटीला मिळेल. हे करारावर सह्या होण्याआधी सहज होतं, नंतर फार जड जातं.

मग प्रकल्पाचं वर्णन वाचा. तिथे 'स्टिल्ट अधिक सात मजले' लिहिलं असेल आणि आज तुमच्यासमोर दोन बेसमेंट अधिक बावीस मजल्यांचा नकाशा असेल, तर तो रिपोर्ट या इमारतीचा नाहीच. एफएसआयचं गणित बदललं, पार्किंगची गरज वाढली, पिटमधलं यांत्रिक पार्किंग आलं, असे बदल पुनर्विकासात सारखे होतात. नकाशा बदलला की कॉलमवरचा भार बदलतो, पाया किती खोल जाणार ते बदलतं, आणि बोअर पुरेशा खोलीपर्यंत गेले होते का हा प्रश्न नव्याने उभा राहतो. सात मजल्यांसाठी दहा मीटरवर थांबवलेला बोअर आठ मीटर खोल बेसमेंटखाली जेमतेम दोन मीटरची माहिती देतो. नवा नकाशा जिओटेक्निकल अभियंत्याकडे पाठवून त्याच्याकडून लेखी उत्तर घ्यायचं: जुन्या शिफारशी चालतील, की आणखी बोअर लागतील.

तारखेचंही तसंच आहे. सभा, निविदा, कोर्टकचेऱ्या यांत वर्षं जातात. तेवढ्यात शेजारी खोल खड्डा झाला, कोणी महिनोन्‌महिने पाणी उपसलं, प्लॉटजवळून मेट्रो ३ चा बोगदा गेला, कंपाउंडमध्ये मीटरभर भराव पडला, तर जमीन रिपोर्टच्या दिवसासारखी राहत नाही. बोगद्याजवळच्या प्लॉटला तर मेट्रोची ना हरकत घ्यावी लागते आणि तिथे जुना रिपोर्ट पुढे करून भागत नाही.

मुखपृष्ठावर 'ड्राफ्ट' असा शेरा असेल तर अंतिम प्रत मागा. ड्राफ्टवर डिझाइन होऊन गेलं आणि अंतिम रिपोर्टमध्ये शिफारस बदलली, असं झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पायरी दुसरी : बोअर कुठे मारले ते नकाशावर बघा

आयएस १८९२ या भारतीय मानकाच्या १९७९ च्या आवृत्तीत साधारण ०.४ हेक्टरच्या, म्हणजे सुमारे एकरभर, सलग जागेसाठी चार कोपऱ्यांत एकेक आणि मध्ये एक असे पाच बोअर पुरेसे धरले होते. मानक २०२१ मध्ये सुधारलं गेलं, पण पाच बोअरची ती सवय अजून टिकून आहे. आता हिशोब करून पाहा. १५० मिलिमीटर व्यासाच्या पाच बोअरचा मिळून छेद ०.०९ चौरस मीटरही भरत नाही. जागा ४,००० चौरस मीटर. म्हणजे पंचेचाळीस हजारांतला एक भाग आपण डोळ्यांनी पाहतो आणि उरलेल्याचा अंदाज बांधतो. रिपोर्टमध्ये दोन बोअरच्या मधून खडकाची जी रेषा काढलेली असते ती हाच अंदाज आहे. ती तुटक रेषेने का काढतात ते यावरून कळेल.

पुनर्विकासात आणखी एक अडचण असते आणि ती मला सगळ्यात जास्त छळते. बोअर मारताना जुनी इमारत उभी असते, लोक राहत असतात. रिग (बोअर मारायचं यंत्र) मावते ती फक्त कंपाउंडच्या मोकळ्या पट्ट्यात, गेटजवळ किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात. त्यामुळे सगळे बोअर प्लॉटच्या कडेला येतात आणि नवी इमारत जिथे उभी राहणार त्या मधल्या जागेत एकही नसतो. त्यावेळी दुसरा इलाज नसतो हे मान्य. पण इमारत पाडल्यावर मधले बोअर मारायचे हे करारात आणि कामाच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेलं पाहिजे. पाडकाम झालं की सगळ्यांना घाई असते, भाडं सुरू झालेलं असतं. त्या घाईत हे बोअर गळतात.

सोसायटी इथे स्वतः एक मोलाचं काम करू शकते. जुन्या रहिवाशांना विचारा: इथे विहीर होती का? नाला कुठून जायचा? सेप्टिक टँक कुठे होता? मुंबईत जुन्या आवारांत विहिरी पुष्कळ होत्या आणि त्यातल्या कित्येक डेब्रिज टाकून बुजवल्या गेल्या. बुजवलेली विहीर बोअरमध्ये सापडणं हा निव्वळ योगायोग असतो. पंचाहत्तरीच्या आजोबांनी 'मागच्या जिन्याजवळ होती' म्हणून बोट दाखवलं, तर ती खूण नकाशावर करून अभियंत्याला द्या. चांगला अभियंता त्या जागी बोअर हलवतो.

याच नकाशावर आरएल, म्हणजे ठरलेल्या संदर्भपातळीपासूनची उंची, तपासा. 'पाच मीटरवर खडक' म्हणजे कुठून पाच मीटर? प्रत्येक बोअरच्या तोंडाची पातळी लिहिलेली हवी आणि ती कोणत्या बेंचमार्कवरून घेतली तेही हवं. मुंबईत महापालिकेच्या कामांत टाउन हॉल डेटम ही संदर्भपातळी वापरतात, इतरत्र समुद्रसपाटीवरून पातळ्या देतात, आणि साइटवर कुणीतरी गेटजवळच्या चेंबरच्या झाकणाला १००.०० धरतं. रिपोर्ट एका डेटमवर आणि आरसीसीचे नकाशे दुसऱ्यावर असतील तर पाया चुकीच्या थरावर जाऊ शकतो.

पायरी तिसरी : बोअरलॉग आणि कोअर बॉक्स

बोअरलॉग म्हणजे बोअरमध्ये कोणत्या खोलीवर काय लागलं याची नोंद, आणि कोअर बॉक्स म्हणजे बोअरमधून निघालेले खडकाचे दंडगोल तुकडे (कोअर) ठेवायची पेटी. हे काम थोडं किचकट आहे, पण रिपोर्टचा जीव इथे आहे. शिफारशी बदलता येतात, बोअरलॉग चुकला तर त्यावरचं सगळंच चुकतं.

मातीच्या थरांत एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) करतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंतचे ठोके दर १५ सेंटिमीटरला वेगळे मोजतात. पहिले १५ सोडून उरलेल्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे एन. आकडा साधा वाटतो, पण दोर नीट सोडला नाही, हातोडा पूर्ण उंचीवरून पडला नाही, बोअरच्या तळाशी गाळ राहिला, की एन बदलतो. मरीन क्लेमध्ये एन एक-दोन किंवा शून्यच येतो. तिथे एसपीटीवरून ताकद ठरवणं निरर्थक आहे. मातीत पाती फिरवून ताकद मोजणारी वेन शिअर चाचणी आणि पातळ नळीतून काढलेले न ढवळलेले नमुने रिपोर्टमध्ये आहेत का ते पाहा. खाडीकाठचा प्लॉट असून ते नसतील तर प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

खडकात दोन आकडे येतात: कोअर रिकव्हरी (कापलेल्यापैकी किती खडक हाती आला) आणि आरक्यूडी (त्यात लांब तुकडे किती). एका कोअर बॉक्ससमोर उभे आहोत असं समजा. रन (एका खेपेत कापलेली लांबी) दीड मीटरची, म्हणजे १५० सेंटिमीटर खडक कापला. बॉक्समध्ये लांब तुकडे चार: २८, २१, १५ आणि ११ सेंटिमीटरचे. बेरीज ७५. बाकी दहा सेंटिमीटरपेक्षा छोटे तुकडे आणि चुरा मिळून ४५. एकूण हाती आले १२०, म्हणून रिकव्हरी ८० टक्के. आरक्यूडीत दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडेच धरायचे, म्हणून ७५ भागिले १५०, म्हणजे ५० टक्के. आता नीट बघा, ३० सेंटिमीटर खडक बॉक्समध्ये आलेलाच नाही. तो गेला कुठे? बिट (कापणारं टोक) झिजलेली असेल आणि चांगलाच दगड चुरून पाण्याबरोबर वाहून गेला असेल, किंवा तिथे मऊ पट्टा असेल आणि तो धुऊन गेला असेल. या दोन शक्यतांचा पायासाठी अर्थ पूर्ण वेगळा आहे आणि कागदावरचा ८० टक्क्यांचा आकडा तो फरक दाखवत नाही. त्यासाठी ड्रिलरची नोंद लागते: त्या खोलीवर पाणी परत येणं थांबलं का, पाण्याचा रंग लालसर झाला का, रॉड एकदम खाली गेला का.

तुकड्यांच्या टोकांकडेही पाहा. टोक ताजं, स्वच्छ आणि धारदार असेल तर तो बॉक्समध्ये भरताना मोडलेला तुकडा आहे. ते दोन तुकडे जोडून एक मोजायचे. टोकावर तपकिरी गंज किंवा मातीचा थर असेल तर ती जमिनीतलीच फट. हे तज्ज्ञाचं काम आहे, पण बॉक्सचे रंगीत, खोली लिहिलेले फोटो रिपोर्टमध्ये आहेत की नाहीत हे कोणीही तपासू शकतं. आणि पाया पूर्ण होईपर्यंत कोअर बॉक्स फेकायचे नाहीत. साइट ऑफिस हलवताना ते पहिल्या ट्रकमधून डेब्रिजबरोबर जातात, म्हणून कुठे ठेवायचे ते लेखी ठरवा.

बोअर खडकात किती शिरला हेही महत्त्वाचं. दीड मीटर खडक लागला म्हणून बोअर थांबवला असेल, तर तो सुटा गोटा नव्हता कशावरून? उंच इमारतीखाली काही बोअर तरी बरेच खोल नेलेले असले पाहिजेत.

प्रयोगशाळेच्या चाचण्यांबद्दल एवढंच: प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का आणि ती त्याच चाचण्यांसाठी आहे का, हे पाहा. भूजलातल्या क्लोराइड आणि सल्फेटचे आकडे पाहा, कारण खाडीजवळ पायाचं काँक्रीट कोणत्या प्रतीचं हवं ते आयएस ४५६ नुसार त्यावर ठरतं.

पायरी चौथी : एसबीसीचा आकडा अटींसकट वाचा

एसबीसी पायाच्या रुंदीवर, खोलीवर, पाण्याच्या पातळीवर आणि किती खचणं आपण चालवून घेणार यावर अवलंबून असते. म्हणून शिफारशीचं वाक्य पूर्ण वाचा: कोणत्या आरएलवर, कोणत्या थरात, किती रुंद फुटिंगसाठी (कॉलमखालच्या सुट्या पायासाठी), किती मिलिमीटर सेटलमेंट (खचणं) धरून. दिलेला आकडा नेट आहे (खणून काढलेल्या मातीचं वजन वगळून) की ग्रॉस (ते धरून), हेही आरसीसी कन्सल्टंटने (इमारतीच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याने) लेखी विचारून घ्यावं.

पायाच्या दाबाचा परिणाम रुंदीच्या साधारण दीड ते दोन पट खोलीपर्यंत पोहोचतो. दोन मीटर रुंद फुटिंगचा तीन-चार मीटर, वीस मीटर रुंद राफ्टचा (इमारतीखालच्या सलग पायाचा) तीस-चाळीस मीटर. आठ मीटरवर असलेला मऊ पट्टा त्या फुटिंगला जाणवणार नाही, राफ्टला जाणवेल. जमीन तीच, प्लॉट तोच, आणि फुटिंगसाठी दिलेला आकडा कोणीतरी राफ्टच्या हिशोबात टाकतो. अशी चूक मला कागदांवर वारंवार दिसते. प्लेट लोड टेस्टलाही (जमिनीवर प्लेट ठेवून, तिच्यावर भार देऊन केलेल्या चाचणीलाही) हीच मर्यादा आहे. ३० सेंटिमीटरच्या प्लेटला जेमतेम अर्धा मीटर खोलीची जमीन कळते. तिचा निकाल चांगला आला म्हणून त्याखालचं सगळं चांगलं ठरत नाही.

खचण्याचीही एक बाजू आहे. सगळी इमारत सारखी खचली तर त्रास कमी. एक कॉलम जास्त आणि शेजारचा कमी खचला की भिंती तडकतात. आयएस १९०४ प्रमाणे सुट्या फुटिंगवरच्या आरसीसी इमारतीत हा फरक दोन कॉलममधल्या अंतराच्या ०.००१५ पटीच्या आत ठेवायचा असतो. सहा मीटरवर तो होतो नऊ मिलिमीटर. अर्धी इमारत खडकावर आणि अर्धी मुरमावर टेकली असेल तर हे नऊ मिलिमीटर फार लवकर संपतात.

पायरी पाचवी : पाणी कोणत्या महिन्यात मोजलं

बोअरलॉगवर तारीख आणि पाण्याची पातळी शेजारी शेजारी असतात. मे महिन्यातली पातळी ऑगस्टमध्ये राहत नाही, आणि समुद्राजवळ ती भरती-ओहोटीबरोबरही हलते. ड्रिलिंग संपल्यासंपल्या मोजलेली पातळी तर बोअरमध्ये ओतलेल्या पाण्याचीच असते. किमान एक दिवस थांबून, शक्य तर पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायची नळी) बसवून, पावसाळ्यातही मोजली पाहिजे.

बेसमेंटसाठी याचा अर्थ काय ते आकड्यांत पाहू. बेसमेंटचा तळ सहा मीटर खोल आहे. मे महिन्यातल्या रिपोर्टनुसार पाणी चार मीटरवर. म्हणजे तळाखाली दोन मीटर पाण्याचा दाब, चौरस मीटरला सुमारे दोन टन वरच्या दिशेने. पावसाळ्यात पाणी जमिनीखाली अर्ध्या मीटरवर आलं की तोच दाब साडेपाच टन होतो. तीस बाय चाळीस मीटरच्या राफ्टवर तो मिळून ६,६०० टन भरतो. पूर्ण बांधलेली इमारत हे सहज दाबून धरते. पण राफ्ट आणि एक-दोन स्लॅब झाले आहेत, काम कोणत्या तरी परवानगीसाठी अडलंय, आणि डिझेल वाचवायला डीवॉटरिंगचे (पाणी उपसायचे) पंप बंद केले, तर राफ्ट वर उचलला जाऊ शकतो, तडकू शकतो. आरसीसी कन्सल्टंटने लेखी कळवल्याशिवाय पंप बंद करू नयेत. आणि डिझाइनला कोणती पाण्याची पातळी धरली ते रिपोर्टमध्ये एका वाक्यात स्पष्ट लिहून मागा.

कंपाउंड उंच करण्याचा मुद्दाही इथेच येतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेव्हापासून सखल भागातल्या सोसायट्या नव्या इमारतीबरोबर आवार उंच करून घेतात. गरज खरी आहे. पण मरीन क्लेवर दीड मीटर भराव टाकला की चौरस मीटरला पावणेतीन टनांच्या आसपास नवं ओझं येतं. क्ले वर्षानुवर्षं दबत जातो आणि दबताना पाइलला (जमिनीत खोल नेलेल्या काँक्रीटच्या खांबाला) खाली ओढतो. रिपोर्ट झाल्यावर भराव ठरला असेल तर ही ओढ पाइलच्या हिशोबात नसणार. भरावाची उंची ठरताच ती अभियंत्याला कळवा.

पायरी सहावी : रिपोर्टमध्ये जे नसतंच

पायाची शिफारस म्हणजे खड्ड्याच्या बाजू उभ्या कशा राहणार याचं उत्तर नव्हे. २५ जून २०१८ ला मुसळधार पावसात अँटॉप हिलला एका वसाहतीची भिंत शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात कोसळली आणि तिथे उभ्या असलेल्या गाड्याही खाली गेल्या. दाट वस्तीच्या शहरात खड्ड्याची कड आणि शेजाऱ्याची भिंत यांत हातभराचंही अंतर नसतं. शोअर पाइल, अँकर, सॉइल नेलिंग अशा बाजू धरून ठेवणाऱ्या आधारांचं, म्हणजे शोअरिंगचं, वेगळं डिझाइन लागतं. शेजारच्या इमारतीच्या भेगांची फोटोंसह पाहणी काम सुरू होण्याआधी करून दोन्ही सोसायट्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि खड्डा उघडा असेपर्यंत हालचालींची नियमित मोजणी व्हावी.

प्रदूषित जमीन हा विषयही सहसा या रिपोर्टच्या बाहेर असतो. जुन्या गिरणीची, कारखान्याची, पेट्रोल पंपाची किंवा डम्पिंगची जागा असेल तर त्याची तपासणी वेगळी मागावी लागते.

पायरी सातवी : पूर्ण रिपोर्ट द्या, कात्री लावू नका

आरसीसी कन्सल्टंट, शोअरिंगचा डिझाइनर, पायलिंगचा कंत्राटदार, पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार), या सगळ्यांकडे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोच रिपोर्ट असावा. निविदेत फक्त बोअरलॉग जोडण्याची पद्धत वाईट आहे. त्याहून वाईट म्हणजे ड्राफ्ट्समनकडून बोअरलॉग नव्याने काढून घेणं. त्यात तुटक रेषा सलग होते, 'बहुधा' हा शब्द गळतो, ड्रिलरचा शेरा जागा नाही म्हणून वगळला जातो, आणि अंदाजाला खात्रीचं रूप येतं. निविदेआधीच्या बैठकीत जिओटेक्निकल अभियंत्याला बोलवा आणि कंत्राटदारांना त्याला थेट प्रश्न विचारू द्या.

त्याच निविदेत खडक अपेक्षेपेक्षा खोल गेला, सॉकेट (पाइलचा खडकात शिरलेला भाग) वाढला, गोटे लागले तर दर काय, हे ठरवून ठेवा. दर ठरलेला नसेल तर जमीन वेगळी निघाल्याचं साइटवरून कोणी कळवतच नाही, कारण कळवणं म्हणजे भांडणाला सुरुवात.

पायरी आठवी : खड्ड्यात उतरून खात्री

रिपोर्टची परीक्षा इथे होते, म्हणून ज्याने रिपोर्ट दिला त्याच अभियंत्याला पाया पूर्ण होईपर्यंत नेमून ठेवा. रिपोर्टचं बिल चुकतं केलं की त्याचं काम संपलं असं समजतात. ते चूक आहे. साइट भेटींचं मानधन मूळ नेमणुकीतच धरा. इमारतीच्या एकूण खर्चापुढे ते नगण्य असतं.

खड्डा खणून घातलेल्या उघड्या पायाच्या कामात पद्धत अशी ठेवा. शेवटचा वीतभर थर मशीनने काढायचा नाही, तो पीसीसीच्या (पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या) दिवशी हाताने काढायचा, विशेषतः ब्रेशिया आणि टफमध्ये. पाणी उपसून तळ झाडून स्वच्छ झाला की अभियंत्याने खाली उतरायचं. पहार आपटून बघतात तेव्हा चांगला खडक खणखणीत वाजतो, पहार उसळते. झिजलेल्या खडकात आवाज बद्द येतो आणि टोक रुततं. पण पहार वरचाच थर सांगते. म्हणून प्रत्येक फुटिंगखाली जॅकहॅमरने दीड-दोन मीटरची एक-दोन छिद्रं मारून मऊ पट्टा किंवा पोकळी आहे का ते बघावं. एका कोपऱ्यात खडक आणि दुसऱ्यात मुरूम निघाला तर तिथेच निर्णय हवा: आणखी खाली जायचं, मुरूम काढून काँक्रीट भरायचं, की डिझाइन बदलायचं. हा निर्णय जिओटेक्निकल अभियंता आणि आरसीसी कन्सल्टंट मिळून घेतात. मुकादमाने किंवा साइट इंजिनिअरने तो घ्यायचा नाही, मग काँक्रीटचा ट्रक गेटवर उभा असला तरी. मंजुरी मिळाली की त्याच दिवशी पीसीसी टाका. रात्रभर पाऊस पडला तर मंजुरी रद्द, सकाळी पुन्हा पाहणी.

पाइलमध्ये तळ दिसत नाही, म्हणून शिस्त जास्त लागते. 'रॉक लागला' हे रिग ऑपरेटरच्या तोंडून ऐकून पाइल थांबवू नका. कुठे थांबायचं याचा निकष रिपोर्टमध्ये किंवा वेगळ्या पत्रात लेखी असावा: रिगचा जोर, दर दहा सेंटिमीटरला लागलेला वेळ, बाहेर आलेले दगडाचे तुकडे आणि जवळच्या बोअरमधली खडकाची पातळी, हे सगळं एकत्र पाहून. ते तुकडे पाइलचा नंबर आणि खोली लिहिलेल्या पिशवीत ठेवा. एका पाइलला खडक नऊ मीटरवर आणि तीन मीटर पलीकडे चौदावर लागला, तर ती नोंद रजिस्टरमध्ये लिहून पुढे चालू पडण्यासारखी नाही. तिथे नवा बोअर मारायचा. काँक्रीटआधी तळाचा गाळ धुऊन निघाला का ते दोरीने खोली मोजून तपासायचं.

लोड टेस्ट आयएस २९११ च्या चौथ्या भागाप्रमाणे होते. इमारतीत वापरल्या जाणाऱ्या पाइलवरची रुटीन टेस्ट डिझाइन भाराच्या दीडपट भाराने, किमान अर्धा टक्का पाइलवर, गरजेप्रमाणे दोन टक्क्यांपर्यंत. कोणता पाइल तपासायचा हे कंत्राटदाराला निवडू देऊ नका. ज्या पाइलबद्दल शंका आहे तोच निवडा. इंटेग्रिटी टेस्टचा अहवाल दाखवून लोड टेस्ट टाळायचा आग्रह होतो. ती चाचणी पाइल तुटला किंवा बारीक झाला आहे का एवढंच सांगते, तो किती भार घेईल हे ती सांगत नाही.

प्रत्येक फुटिंग आणि पाइलसाठी एक पान भरून घ्या: नंबर, तारीख, तळाचा आरएल, निघालेला थर, फोटो, अभियंत्याची सही. ही पानं, कोअर बॉक्सचे फोटो, नकाशा बदलल्यावर आलेली पत्रं आणि मूळ रिपोर्ट ताबा घेताना सोसायटीच्या फायलीत मागून घ्या. पुढे लिफ्टचा पिट गळू लागला, शेजारी खोदकाम निघालं किंवा आवारात पार्किंग टॉवर उभारायचं ठरलं, तर पहिल्यांदा हीच फाइल लागेल. नवीन कामासाठी मात्र नवा बोअर आणि नवा रिपोर्ट घ्या.